टोकियोतला धावदोरा



यजमानांच्या नोकरीपायी टोकियोत बिऱ्हाड केले, तेव्हा जपानी भाषेचा एक शब्द येत नव्हता. शेजारणीने हात धरून आपल्या शिवणवर्गाला नेले. तिथे साशिको शिकले. साशिको म्हणजे निळ्या कापडावर पांढरा धावदोरा. ही तर आपली गोधडीच! मात्र शिस्त कडक. पाचसहा टाके सुईवर भरायचे, दोरा ओढला की बोटांनी कापड सारखे करायचे. चुणी दिसली की उसवा!

वर्गातल्या आजींनी एक हकिगत सांगितली. उत्तरेच्या त्सुगारू प्रांतात १७२४ साली शेतकऱ्यांना सुती कपड्यांची बंदी झाली. बाहेर बर्फ, अंगावर वाखाचे विरळ कापड. बायांनी टाके घालघालून त्याची भोके बुजवली. आज आपण जिला नक्षी म्हणतो, ती पोराबाळांची ऊब होती हो!

८ फेब्रुवारीला आम्ही साऱ्याजणी असाकुसाच्या देवळात गेलो. मोडक्या सुया तिथे तोफूत, म्हणजे सोयाबीनच्या मऊ वडीत, टोचून ठेवतात. जन्मभर जाड कापडात राबल्या, आता मऊ जागी विसावा. मला खंडेनवमीची आठवण झाली.

वर्गात साठीच्या आतली मी एकटीच; त्यांच्या लेकीसुनांना सवड नाही. आपल्याकडे तरी कुठे आहे? सासूबाईंची गोधडी मी त्यांना दाखवली, तर आता सगळ्यांना ती शिकायची आहे. तेव्हा कुणाच्या ट्रंकेत मऊ झालेले जुने लुगडे असेल, तर मी परत जाण्याआधी आणून द्या.