मंदिरावरून घडविलेलें आसन
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



बिशपांच्या मुख्य मंदिरास आपण कॅथीड्रल म्हणतों. हा शब्द ‘आसन’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे; म्हणजे तेथें खुर्चीनें इमारतीला नांव दिलें. मला आज बोलावयाचें आहे तें याच्या उलट, इमारतीनें खुर्चीला आकार देण्याविषयीं. वेदीशेजारच्या नव्या आसनाचें काम आपण माझ्याकडे सोंपविलें आणि तें आपल्या मंदिरासारखें दिसावें अशी इच्छा दर्शविली. त्या इच्छेचें मीं काय केलें, याचा हिशेब देणें माझें कर्तव्य आहे.

कल्पना नवी नाहीं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींतील राज्याभिषेकाची ओकची खुर्ची इ. स. १३०० च्या सुमारास पहिल्या एडवर्ड राजानें करविली. तिच्या पाठीला मंदिराच्या दर्शनी भिंतीसारखें त्रिकोणी शिखर आहे.

परंतु या विषयांत माझे खरे गुरु म्हणजे ऑगस्टस प्यूजिन. त्यांचा जन्म १८१२ सालचा. १८२७ मध्यें, अवघ्या पंधराव्या वर्षीं, विंडसरच्या राजवाड्यासाठीं गॉथिक धर्तीच्या लांकडी सामानाचे नमुने काढण्याचें काम त्यांजकडे आलें. पुढें त्यांनीं कॅथलिक धर्म स्वीकारला, आणि ऑस्कट येथील कॅथलिक विद्यालयांत शिल्पकलेवर व्याख्यानें दिलीं. तीं १८४१ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. खुर्च्याकोचांना मनोरे व आधारकमानी चिकटविणाऱ्यांची त्यांत त्यांनीं मनसोक्त थट्टा केली आहे, आणि विंडसरचें आपलें स्वतःचें कामहि त्याच दोषाचें, अशी उघड कबुली दिली आहे. मला ती कबुली त्यांच्या कित्येक इमारतींहून मोठी वाटते.

तशीच एक कबुली मलाहि द्यावयाची आहे. तरुणपणीं एका मंदिरासाठीं मीं दोन मनोऱ्यांची खुर्ची केली होती. लोकांनीं ती फार वाखाणली. सणाच्या मिस्सेला धर्मगुरु आसनावरून उठूं लागले, तोंच झग्याची किनार मनोऱ्यांत अडकून टरकन फाटली, आणि सोडवितांना मनोराहि मोडून हातांत आला. मीं गाणाऱ्यांच्या पाठीमागें तोंड लपविलें.

तो कां मोडला, हें मला पुष्कळ वर्षांनीं उमगलें. दगड दाबाला भक्कम, ताणाला दुबळा; म्हणून कमानींत प्रत्येक दगड शेजारच्याला दाबून धरतो. लांकडाचें बळ निराळें. तें त्याच्या तंतूंच्या दिशेनें असतें. माझा मनोरा आडव्या तंतूंच्या तुकड्यांतून कापलेला होता. तो बिस्किटासारखा तुटला यांत नवल नाहीं. दगडाचा आकार जसाच्या तसा लांकडांत उतरविला कीं असेंच व्हावयाचें. नक्षी रचनेला शोभा देण्यापुरतीच असावी, नक्षीसाठीं रचना करूं नये, हें प्यूजिन यांचें सांगणें मला त्या मोडक्या मनोऱ्यानें शिकविलें.

म्हणून या आसनावर मनोरे नाहींत. कित्येकांची निराशा झाली आहे, हें मी जाणतों. आपल्या मंदिरांतून मीं दोनच गोष्टी घेतल्या. एक, मुख्य दरवाज्याची टोंकदार कमान. ती पाठीच्या वरच्या भागांत आहे. पण एका सरळ फळींतून ती कापली असती तर वळणावर तंतु तुटून तेथेंच कमकुवत झाली असती. म्हणून मुळांतच वांकड्या वाढलेल्या सागाचे दोन तुकडे शोधून, तंतु वळणाबरोबर जातील असे घडवून, ते शेंड्यावर एकमेकांत बसविले. असें लांकूड मिळावयाला चार महिने लागले. दुसरी गोष्ट कोणाच्या लक्षांत येणार नाहीं. मंदिराच्या भिंतींना बाहेरून जे आधार दिले आहेत ते खालीं रुंद होत जातात. बसणारा मागें रेलला कीं खुर्चीवरहि तसाच रेटा येतो. म्हणून मागचे पाय खालीं बाहेरच्या बाजूस झुकविले आहेत. खिळा एकहि नाहीं. सांध्यांत लांकडी खुंट्या आहेत, आणि त्या मुद्दाम दिसूं दिल्या आहेत.

एक विनंति करून बसतों. पाठीच्या फळीच्या दोहों बाजूंस बारीक फट दिसेल. ती फळी चौकटीच्या खांचेंत मोकळी ठेवली आहे. पावसाळ्यांत ती फुगते, उन्हाळ्यांत आकसते. कोणीं कृपा करून त्या फटींत लांबी भरूं नये.