शब्द आणि त्याचे सोबती



‘इंग्रजी शब्दांचे अनेक अर्थ’ हा विषय ऐकून काही श्रोत्यांना वाटले असेल, की आज पुन्हा शाळेच्या बाकावर बसावे लागणार. तशी भीती नको. व्याकरणाचा तास घेण्यासाठी आम्ही अंजूरला आलेलो नाही. परंतु भिवंडीच्या ह्या परिसरात ज्याने इंग्रजीचे पुस्तक कधी उघडले नाही, तोही दिवसभरात कितीतरी इंग्रजी शब्द वापरतो. मागावर, गोदामात, दवाखान्यात, कचेरीत ते शब्द त्याला भेटतातच. अडचण एवढीच, की त्या शब्दाचा एक अर्थ आपल्या ओळखीचा असतो आणि कागदावर पुष्कळदा दुसराच अर्थ बसलेला असतो.

प्रथम यंत्रमागाचेच शब्द घेऊ. ‘साइज’ म्हणजे माप, हे कपड्याच्या दुकानात गेलेले मूलही सांगेल. मग ‘सायझिंग’ मध्ये कसले माप घेतात? कसलेच नाही. तेथे ताण्याच्या सुताला खळ देतात. हेतू हा, की मागावर घासून धागा तुटू नये. इंग्रजीत ‘साइज’ ह्या शब्दाचा खळ असाही अर्थ आहे. ‘काउंट’ म्हणजे मोजणे. पण सुताचा काउंट म्हणजे त्याची जाडीबारीकी. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी भरतील, तितका त्याचा काउंट. म्हणून आकडा वाढला की सूत बारीक होते. ‘बीम’ म्हणजे मागवाल्याला ताणा गुंडाळलेला रूळ, गवंड्याला तुळई आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्याला प्रकाशाचा झोत. तिघांचेही बरोबर आहे. गवंड्याने बीम म्हटले म्हणून कोणी त्याला सुताचा रूळ आणून देत नाही. कारण कोण बोलतो आणि कोठे उभा राहून बोलतो, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. एवढे ध्यानात ठेवा. आमचे पुढचे सारे विवेचन ह्याच एका गोष्टीवर उभे आहे.

कोणी म्हणेल, इंग्रजी भाषाच मोठी घोटाळ्याची. पण आपली मराठी काय कमी आहे? एक प्रवासी ‘गाडी लागली’ म्हणून पिशव्या उचलतो आणि दुसरा ‘गाडी लागली’ म्हणून लिंबू मागतो! भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, नाद लागतो आणि निकालही लागतो. आताच आम्ही सुताला खळ दिली. ती खळ निराळी आणि पसायदानातला खळ निराळा. जी भाषा पुष्कळ माणसे पुष्कळ काळ बोलतात, तिच्यातले शब्द असेच अनेक घरी राबतात. इंग्रजीच्या मोठ्या ऑक्सफर्ड कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद होती ती ‘सेट’ ह्या चिमुकल्या शब्दाची!

मात्र अनेक अर्थ होण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीचे उदाहरण ह्याच मुलखातले आहे. गंगाजी नाईक अंजूरकरांचे नाव ज्या मोहिमेशी जोडलेले आहे, तिच्यात १७३७ साली साष्टी आणि १७३९ साली वसई मराठ्यांच्या हाती आली. पोर्तुगीज गेले, पण चावी, बटाटा, पगार हे त्यांचे शब्द आपल्या घरात राहिले. त्यांतलाच एक ‘पाव’. खाण्याचा पाव पोर्तुगिजांकडून आला. पावशेरातला पाव आपल्याकडचा जुना. दोन परके प्रवासी एकाच नावाने धर्मशाळेत उतरावेत, तसा हा प्रकार आहे. इंग्रजीत ‘बार्क’ म्हणजे कुत्र्याचे भुंकणे आणि ‘बार्क’ म्हणजे झाडाची साल, हे असेच केवळ नावबंधू होत. त्यांचे नाते शोधीत बसण्यात अर्थ नाही. दोन शब्द समजून वेगवेगळे ध्यानात ठेवावेत.

दुसरी तऱ्हा एका बुंध्याला फुटलेल्या फांद्यांची. ‘क्रेन’ हे मूळ लांब मानेच्या पक्ष्याचे नाव; ओझे उचलणारे यंत्र तशीच मान उंच करते, म्हणून तेही क्रेन झाले. ‘बुक’ म्हणजे वही. वहीत नाव लिहून जागा राखली, म्हणून तिकीट ‘बुक’ झाले. ‘प्युपिल’ म्हणजे विद्यार्थी आणि डोळ्यातली बाहुलीही. ह्याचे मूळ लॅटिनमधल्या लहान मुलीच्या, बाहुलीच्या शब्दात आहे. समोरच्याच्या डोळ्यात आपली इवलीशी प्रतिमा दिसते ना, तीच ही बाहुली. मराठी माणसाला हे नव्याने शिकवायला नको. आपणही तिला बाहुलीच म्हणतो. अशा शब्दांचा बुंधा सापडला की फांद्या पाठ कराव्या लागत नाहीत.

आता खरा प्रश्न. ह्या वाक्यात कोणता अर्थ, हे ठरवायचे कसे? आपल्या शास्त्रकारांनी ह्याचा फार पूर्वी विचार केला आहे. ‘सैंधव’ म्हणजे मीठ आणि सिंधू देशाचा घोडाही. पानावर बसलेल्याने सैंधव मागितले तर मीठ द्यावे, प्रवासाला निघालेल्याने मागितले तर घोडा आणावा. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त साहचर्य, प्रकरण, औचित्य, देश, काल अशी अर्थ ठरविण्याची साधनेच सांगून ठेवली आहेत. इंग्रजी न्यायालयांतही एक जुना नियम आहे, की शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून करावी. दोन्हींचे तात्पर्य एकच.

मराठीत सोबत्याचे काम पुष्कळदा लिंग करते. ‘तो माळ’ म्हटले की ओसाड रान आणि ‘ती माळ’ म्हटले की फुले. इंग्रजीत ही सोय नाही. तेथे शब्दाची जागा पाहावी लागते. ‘पार्क’ च्या मागे ‘द’ असेल तर बाग, ‘टू’ असेल तर बहुधा गाडी उभी करणे. म्हणून एकटा शब्द उचलून त्याचा अर्थ विचारू नये. पूर्ण वाक्य वाचावे.

हा नुसता विद्येचा विलास नाही. ह्या भागात गोदामे उभी राहिली आणि घरोघर इंग्रजी करारनामे आले. त्यांतला ‘लिव्ह अँड लायसन्स’ पाहा. ‘लिव्ह’ म्हणजे सोडणे, ‘लिव्ह’ म्हणजे रजा. येथे मात्र त्याचा अर्थ परवानगी. त्याच कागदात एके ठिकाणी अनामत रक्कम ‘इंटरेस्ट’ शिवाय ठेवल्याचे लिहिलेले असते आणि दुसरीकडे जागा वापरणाऱ्याचा जागेत कोणताही ‘इंटरेस्ट’ नाही, असे. पहिल्या ठिकाणी तो व्याज आहे, दुसऱ्या ठिकाणी हक्क किंवा हितसंबंध. १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्याप्रमाणे अशा परवान्याने जागेत हितसंबंध निर्माण होत नाही, भाडेपट्ट्याने होतो. दुसऱ्या कलमातही ज्याने व्याजच वाचले, त्याला आपण काय दिले आणि काय राखले, हे कळलेच नाही. ‘कन्सिडरेशन’ म्हणजे शाळेत विचार. १८७२ च्या कराराच्या कायद्यात मोबदला. तो नसेल तर काही अपवाद सोडता करारच रद्दबातल. दस्त ‘एक्झिक्यूट’ केला ह्याचा अर्थ रीतीप्रमाणे सही करून पुरा केला, असा. वर्तमानपत्रात कैद्याला ‘एक्झिक्यूट’ केले तर मात्र त्याला देहदंड दिला! ‘सँक्शन’ तर उलटसुलट शब्द. कर्ज सँक्शन झाले की पेढे वाटतात; एका देशाने दुसऱ्यावर ‘सँक्शन्स’ लादले तर ते निर्बंध होत.

दवाखान्यातही तेच. ‘पॉझिटिव्ह’ विचार चांगले, पण तपासणीचा कागद ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणजे जे शोधत होते ते सापडले, इतकेच. ते बहुधा आजाराचे चिन्ह असते. ते चांगले की वाईट, हे काय शोधत होते त्यावरून ठरते.

मग सामान्य माणसाने करावे काय? थॉमस कँडी ह्यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला, तेव्हापासून कोशकार एका शब्दापुढे अनेक अर्थ मांडत आले आहेत. आपण पहिला अर्थ घेऊन कोश मिटतो, हा दोष कोशाचा नव्हे. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने तर विषयवार परिभाषा कोश काढले आहेत. कायद्याचा शब्द कायद्याच्या कोशात पाहावा. कोश हाताशी नसेल तर तीन प्रश्न विचारावेत. कागद कोणत्या धंद्याचा? शब्दाच्या शेजारी कोण बसले आहे? आणि निवडलेला अर्थ परत वाक्यात घातला तर वाक्य सरळ चालते का? ते अडखळले तर अर्थ चुकला असे समजावे, आणि सहीचा कागद असेल तर जाणत्याला विचारल्याशिवाय लेखणी टेकवू नये.

इंग्रजी कमी येते म्हणून आपल्यापैकी पुष्कळजण असे विचारायला लाजतात. लाजण्याचे कारण नाही. फाडफाड इंग्रजी बोलणाराही ‘इंटरेस्ट’ शी फसू शकतो. आणि ‘येथे ह्या शब्दाचा अर्थ कोणता?’ असे थांबून विचारणारा मागवाला किंवा शेतकरी आपली जमीन आणि आपला पैसा राखू शकतो. हा प्रश्न मराठीतच विचारता येतो, आणि त्याचे उत्तर मराठीतच मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.