आगबोटीत चढताना

‘बोट लागणे’ या शब्दप्रयोगाला मराठीत दोन अर्थ आहेत. बोट धक्क्याला लागते आणि बोट माणसालाही लागते. पहिली लागली की माणसांची घाई सुरू होते. दुसरी लागली की सगळी घाई जागच्या जागी विरते. या दोहोंच्या मध्ये जो थोडासा काळ असतो, बोटीत पाऊल टाकण्याचा, त्याविषयी आज बोलावयाचे आहे.

मुंबई-पणजी आगबोटीची नित्याची वाहतूक विसाव्या शतकाबरोबरच मागे पडली. परंतु त्या बोटीने गेलेली माणसे गोव्यात आणि कोकणात अजून भेटतात, आणि बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांसमोर भाऊचा धक्का उभा राहतो. हा ‘भाऊ’ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. प्रवाशांच्या सोयीसाठी एकोणिसाव्या शतकात त्यांनी धक्का बांधला. सोय झाली खरी, पण शिस्त काही धक्क्याबरोबर बांधून मिळत नाही! डेकच्या तिकिटाला जागेचा क्रमांक नसे. फळी पडली रे पडली की घरातला चपळ मुलगा सतरंजी काखेत मारून पुढे धावे. सतरंजी अंथरली की तेवढ्या चौरसावर त्या कुटुंबाचे राज्य. मागून ट्रंका, वळकट्या, फिरकीचा तांब्या आणि आजीबाई. प्रवाशांपेक्षा पोचवायला आलेल्यांचीच गर्दी अधिक; आणि भोंगा वाजल्यावर त्यातला एखादा मामा हटकून बोटीतच राहून गेलेला असावयाचा.

तथापि खरी कसोटी पुढच्या बंदरांवर लागे. हर्णै, दाभोळ, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले, अशी नावे घेत बोट दक्षिणेकडे जाई; पण यांतील बहुतेक ठिकाणी ती काठाला येतच नसे. खोल पाण्यात नांगर टाकून ती उभी राही आणि प्रवासी पडावातून तिच्याकडे जात. कित्येकदा मध्यरात्री, कंदिलाच्या उजेडात. आगबोट जड, बारीकसारीक लाटांना ती दाद देत नाही. पडाव हलका, तो प्रत्येक लाटेबरोबर हात-दोन हात वर चढतो आणि तितकाच खाली जातो. तेव्हा बोटीचे दार क्षणभर उंबरठ्याइतके जवळ येई, आणि दुसऱ्याच क्षणी माडीसारखे वर जाई.

यातली युक्ती एकच, ती खलाशांना ठाऊक असे. पडाव वर येऊन स्थिरावतो त्या निमिषातच पाऊल टाकायचे. खाली जाऊ लागल्यावर टाकलेले पाऊल अधांतरी पडते. आणि दोन्ही नावांच्या मध्ये सापडलेल्या पायाची गत विचारूच नये. म्हणून खलाशी मनगट धरून ठेवी आणि ‘आता!’ म्हणे. तान्ही मुले आधी हातोहात वर जात, मग नऊवारीचा काचा आवळून आई, मग पेट्या. एखादी आंब्यांची करंडी समुद्रार्पण होई. करंडीच्या मालकाचा संताप बाजूला ठेवला, तर त्यावर सारा पडाव हसे. पण ‘आता’ म्हणण्यापूर्वी उडी टाकणाऱ्याला कोणी हसत नसे.

चढताना झालेल्या गर्दीचा हिशेब कधीकधी समुद्र पुढे मागतो. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सकाळी, ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. सणाला घरी पोचायचे म्हणून लोक दाटीवाटीने चढले होते. भर पावसाळ्यातल्या वादळी समुद्रात काशाच्या खडकानजीक ती कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईला कित्येक तास काही कळलेच नाही.

तो जुना काळ, असे म्हणून सुटका होत नाही. १३ जानेवारी २०१२ च्या संध्याकाळी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही अवाढव्य पर्यटननौका इटलीतील चिविताव्हेक्कियाहून निघाली आणि त्याच रात्री जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळली. ३२ जण मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांना संकटकाळी कोठे जमायचे हे अजून दाखविलेले नव्हते. तत्कालीन नियमाने त्यासाठी चोवीस तासांची सवलत होती. ती सवलत १ जानेवारी २०१५ पासून गेली. आता ही कवाईत बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावी लागते.

मुंबईहून गोव्याकडे पुन्हा पर्यटननौका निघू लागल्या, २०१८ साली ‘आंग्रिया’ आणि २०२१ साली तिच्याहून कितीतरी मोठी ‘कॉर्डेलिया’. पडाव नाही, सतरंजी नाही. रुंद जिना, सामानाची यंत्राने तपासणी, हाती खोलीचे कार्ड. चढणे इतके सोपे झाले, की आपण समुद्रावर आलो आहोत हेच प्रवाशाच्या ध्यानी येत नाही. कवाईतीची घोषणा होते तेव्हा निम्मी मंडळी कठड्याशी छायाचित्रे काढीत असतात, उरलेली भोजनगृह शोधीत असतात. मला हे पाहवत नाही. सात आखूड भोंगे आणि एक लांब, ही संकटाची खूण आहे. ती ऐकून घ्यावी, आपली जमण्याची जागा पायांनी चालून पाहावी, बरोबरच्या वडीलधाऱ्यांना दाखवावी. सारे मिळून थोडक्याच वेळाचे काम.

मग खुशाल वरच्या मजल्यावर जावे. बोट बंदराबाहेर पडून दक्षिणेला वळली, आणि उजेड उरला असला, तर डाव्या हाताला खांदेरीचे दीपगृह दिसते. त्याच्या अलीकडे, रेवसच्या बाजूला, काशाचा खडक आहे.