सी फॉर कॉटन

इंग्रजी शिकायला बसलेल्या माणसाला पहिला शब्द भेटतो तो अ‍ॅपल. आमच्या नांदगाव खंडेश्वरकडे सफरचंद पिकत नाही. अमरावती जिल्हा संत्र्याचा. पण ऑरेंज भेटायला पंधराव्या अक्षरापर्यंत थांबावे लागते. आणि ज्या पिकावर वऱ्हाडातली घरे चालली, त्या कपाशीला तक्त्यावर जागाच नाही. ‘सी’च्या घरात मांजर बसलेले असते. लहान मुलाचे यात काही बिघडत नाही. पण चाळिशी ओलांडलेली बाई तो तक्ता पाहते आणि तिला वाटते, ही भाषा काही आपल्या गावची नाही.

राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. त्याआधी ते पाचवीपासून असे. म्हणजे त्या काळात चौथीतच ज्यांची शाळा सुटली, त्यांची आणि इंग्रजीची गाठच पडली नाही. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवले. निवृत्तीनंतर संध्याकाळी अशाच मंडळींबरोबर बसतो. “गुरुजी, मले इंग्रजीचा एक शबूद येत नाही,” हे वाक्य ठरलेले. मी वाद घालत नाही. एवढेच म्हणतो, आज सकाळपासून काय काय केले ते सांगा.

एका काकूंनी सांगितले, “लाइट नोती म्हून मोटर नाही चालली. मंग बस स्टँडवर आली, हाफ तिकीट काढलं, मेडिकलातून गोया घेतल्या, फॉर्म भरला अन् झेरॉक्स जोडली.” मी बोटे मोजली. एका दमात नऊ इंग्रजी शब्द झाले होते!

तेव्हा मित्रहो, आपली सुरुवात शून्यापासून नाही. भाषा अशीच वाढत असते. अर्ज आणि जमीन हे शब्द फारसीतून आले. बटाटा, चावी, पगार पोर्तुगिजांकडून आले. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. पुढे कापसाच्या व्यापाराबरोबर जिनिंग आले, रेल्वेबरोबर इंजिन आले. गंमत अशी, की जिनिंगमधला ‘जिन’ हा ‘इंजिन’चाच तुकडा. एकच शब्द दोन वाटांनी आपल्याकडे आला. आणि देणे एकतर्फी नाही. इंग्रजीतला मंगूस हा आपल्या धुऱ्यावरचा मुंगूसच आहे. तो मराठीतून तिकडे गेला.

मात्र आपल्याकडे राहून काही शब्दांनी अर्थ बदलला आहे, तेवढे ध्यानात ठेवावे. आपण हॉटेलात चहा प्यायला जातो. इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. आपल्याकडे ‘लाइट’ म्हणजे वीज. तिकडे उजेड किंवा दिवा. आपला ‘ड्रेस’ म्हणजे बहुतेक वेळा सलवार-कमीज. झेरॉक्स तर एका कंपनीचे नाव! ओळखीच्या शब्दाचा नेमका अर्थ कळला, की नव्या शब्दाची भीती निम्मी होते.

आता खरे महत्त्वाचे सांगतो. हे शब्द आपण कानाने शिकलो, डोळ्यांनी नाही. बोलताना निभते, पण वाचायची वेळ आली की अडते. आणि काही शब्द न वाचण्याची किंमत मोठी असते. २०१७च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती. एक शब्द वाचता आला असता तर सगळे टळले असते, असे मी म्हणणार नाही. पण कीटकनाशकाच्या डब्यावर एक चौकोन असतो, कोपऱ्यावर उभा केलेला. त्याच्या खालच्या अर्ध्या भागातला रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. वरच्या अर्ध्या भागात शब्द असतो. लाल आणि पिवळ्यावर ‘पॉइझन’, म्हणजे विष. लालवर कवटीचे चित्रही असते. निळ्यावर ‘डेंजर’, म्हणजे धोका. हिरव्यावर ‘कॉशन’, म्हणजे जपून. हिरवा रंग पाहून ते निर्धोक समजू नये. तेही औषध अंगावर घ्यायचे नाहीच. आत मराठी माहितीपत्रक असले तरी अक्षर मुंगीएवढे, आणि पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराच्या हाती ते क्वचितच पडते. त्याच्यासमोर असतो तो डबा. म्हणून आमच्या वर्गात अ‍ॅपलच्या आधी हे तीन शब्द येतात.

त्यानंतर औषधाची बाटली. ‘शेक वेल’ म्हणजे चांगले हलवून घ्या. ‘एक्स्टर्नल यूज ओन्ली’ म्हणजे फक्त वरून लावायचे, पोटात घ्यायचे नाही. ‘एक्स्पायरी’च्या पुढे जी तारीख असते, त्यानंतर ते औषध वापरायचे नाही. मग बँकेची चिठ्ठी. ‘डिपॉझिट’ म्हणजे भरणा, ‘विथड्रॉल’ म्हणजे काढणे. हे दोन शब्द ओळखता आले, की काउंटरपुढच्या अनोळखी माणसाच्या हाती आपले पासबुक द्यावे लागत नाही.

शिकायची रीत साधी आहे. शब्द एकटा पाठ करू नये, जोडीने करावा. ऑन-ऑफ, पुश-पुल, इन-आउट, बिफोर-आफ्टर. शब्द वस्तूसमोर उभे राहून शिकावा. स्विच पाहत शिकलेला ‘ऑफ’ विसरत नाही. उच्चार आधी देवनागरीत लिहायला लाजू नये. आणि घरात शाळेत जाणारे लेकरू असेल, तर त्यालाच मास्तर करावे. आईला शिकवताना त्याचाही अभ्यास पक्का होतो.

रोज तीन शब्द पुरेत. महिन्याचे नव्वद होतात. आज संध्याकाळी घरातली औषधाची एक बाटली उजेडात धरा आणि तिच्यावरचा एक शब्द लेकराकडून वाचून घ्या. उद्या तोच शब्द तुम्ही त्याला वाचून दाखवा.