लॉकरची किल्ली



मी बँकेतला कारकून, कलाशाखेचा पदवीधर. हा विषय मला थोरल्या भावाच्या आजाराने शिकवला. दोन वर्षे त्याच्या जुलाबांवर नुसत्या गोळ्या चालल्या. निदान झाले तेव्हा आतड्यातली न्यूरोएंडोक्राइन गाठ यकृतात पोचली होती.

या गाठींच्या पेशींवर बहुधा सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाची ग्राहके पुष्कळ असतात. ती जणू लॉकरची कुलपे. डोटाटेट ही त्यांची किल्ली. तिला किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ जोडतात. शिरेतून दिलेले हे औषध पेशीत शिरते आणि त्याचा मारा साधारण दोन मिलिमीटरच्या आत राहतो. आधी गॅलियम-६८ च्या पेट स्कॅनने कुलपे आहेत का ते पाहतात. मग आठ-आठ आठवड्यांनी चार डोस. मूत्रपिंडे जपण्यासाठी सोबत अमिनो आम्लांचे सलाईन.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या नेटर-१ चाचणीत वीस महिन्यांनंतर आजार न वाढता राहिलेल्यांचे प्रमाण ६५ टक्के होते, तुलनेच्या गटात ११ टक्के. हे ल्युटेशियम आपल्या ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीतही तयार होते.

पसरलेला रोग याने सहसा मुळासकट जात नाही, पण थोपतो. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, घरात कोणाचे जुलाब महिनोन्‌महिने थांबत नसतील, चेहरा वारंवार लाल होत असेल, तर गोळ्यांवर भागवू नका. तपासणीचा आग्रह धरा. आमची ती दोन वर्षे परत आली नाहीत.