पायरी कुठे सुटली ते लिहून ठेवा



विषयाचे नाव ऐकताच मागच्या ओळीतले काही पालक घड्याळाकडे पाहतील, याची मला कल्पना आहे. विषय आहे संगणकाच्या कर्नेलसाठी चाचण्या लिहिणाऱ्यांना दिली जाणारी मार्गदर्शिका. हा लष्करातला कर्नल नव्हे. संगणक सुरू केल्यावर स्मृती, डिस्क, कळफलक या सर्वांचा कारभार पडद्याआडून पाहणारी जी मूळ आज्ञावली असते, तिला कर्नेल म्हणतात. लिनक्स नावाचे असे एक कर्नेल हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहावयास घेतले. आज तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही तेच आहे. ते कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही. जगभरचे लोक त्यात भर घालतात, आणि मानवतच्या मुलामुलींना त्यात भर घालण्यास कोणाची मनाई नाही.

परंतु हजारो हात एकाच वस्तूवर चालू लागले की एकाच्या दुरुस्तीने दुसऱ्याचे बिघडते. म्हणून चाचण्या लागतात. मोंढ्यात कापूस वजनाला लावण्यापूर्वी जाणता शेतकरी रिकामा काटा शून्यावर उभा आहे की नाही ते आधी पाहतो. चाचणी ही तशीच वस्तू आहे. लिनक्समध्ये तिचे दोन मोठे प्रकार आहेत. ‘केसेल्फटेस्ट’ ही वापरणाऱ्याच्या बाजूने, बाहेरून कर्नेलला प्रश्न विचारते. ‘केयुनिट’ ही आतला एकेक लहान भाग सुटा तपासते. ती जानेवारी २०२० मध्ये निघालेल्या ५.५ या आवृत्तीपासून कर्नेलमध्ये आली. कोणत्या कामाला कोणती वापरावी, एवढे सांगणारे एकत्रित पान मात्र मार्गदर्शिकेत २०२१ मध्ये आले. तोवर नवख्याने ते विचारत फिरावे, अशीच स्थिती होती.

सूचना नीट नसल्या तर काय होते, त्याचे एक उदाहरण सांगतो. चाचणीला लागणारी एखादी सोय त्या संगणकावर नसली, तर तिने काय उत्तर द्यावे? काही चाचण्या अशा वेळी ‘उत्तीर्ण’ सांगत, काही ‘अनुत्तीर्ण’. दोन्ही उत्तरे खोटी! परीक्षेस बसलाच नाही त्या मुलाला आपण गैरहजर लिहितो, पास किंवा नापास लिहीत नाही. २०१८ मध्ये केसेल्फटेस्टची देखरेख करणाऱ्या शुआ खान यांनी एकामागून एक चाचण्या हातात घेऊन त्या ‘वगळली’ असे तिसरे उत्तर देतील अशा केल्या. त्या उत्तराचा ठरलेला आकडा ४ आहे. मुलींनो, या बाईंचे नाव टिपून ठेवा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मार्गदर्शिका लिहितो तो जाणकार, आणि जाणकाराला आपण कोणती पायरी न बोलता ओलांडली हे दिसत नाही. केयुनिटची नवी चाचणी चालवताना तिचे नाव एका लहान फाइलमध्ये नोंदवावे लागते. ती चाचणी दुसऱ्या एखाद्या पर्यायावर अवलंबून असेल आणि तो नोंदवायचा राहिला, तर काम थांबते व संदेश येतो, की अमुक पर्याय मिळाला नाही, बहुधा त्याची पूर्वअट पुरी झालेली नाही. कोणती पूर्वअट? ते मात्र संदेश सांगत नाही. ‘केकॉन्फिग’ नावाच्या फाइलींत जाऊन शोधावे लागते. जाणकाराला हे दोन मिनिटांचे काम वाटते, आणि हुशार पण एकटा असलेला मुलगा तिथेच दोन दिवस घालवून आपल्याला हे जमणार नाही असे ठरवतो. आपल्या गावातून हे किती वेळा, किती विषयांत घडले असेल, हे पालकांनीच आठवावे. दोष मुलाच्या बुद्धीचा नव्हता, एक वाक्य लिहावयाचे राहिले होते.

यावर उपाय आपल्याच राज्यात झालेला आहे. मुंबईच्या आय.आय.टी.त प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रम उभा केला. सुमारे दहा मिनिटांचे हे पाठ एकट्याने बसून शिकण्यासाठी आहेत. लिनक्सवरही आहेत, मराठीतही आहेत. तिथे पाठाची संहिता ध्वनिमुद्रणापूर्वी एखाद्या नवख्याकडून तपासून घेतात. तो अडला तर संहिता बदलतात. अज्ञानाला असे मानाचे काम दिलेले मी अन्यत्र फारसे पाहिलेले नाही.

इंग्रजीचे काय, असे पालक विचारतील. आपला भाग निजामाच्या राज्यात असताना १९१७ मध्ये हैदराबादेत दारुल-तर्जुमा स्थापन झाले आणि पुढल्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले. शास्त्रे आपल्या भाषेत येतात, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे. कर्नेलच्या मार्गदर्शिकेची भाषांतरे चिनी, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश भाषांत आहेत. मराठी वा उर्दूत नाहीत. ती व्हावीत. तोवर टिपणे मात्र तुम्ही आपल्या भाषेत काढा. दुरुस्ती पाठवताना साध्या इंग्रजीतल्या चार ओळी पुरतात, आणि त्या तुमचे शिक्षक तपासून देतील.

दुरुस्ती पाठवण्याची रीत आपल्याला परकी वाटू नये. मार्गदर्शिकेतले एक वाक्य बदलले तरी ते ई-मेलने पाठवून खाली आपले नाव लिहावे लागते, की हे मी केले व देण्याचा मला अधिकार आहे. पुढे ज्या ज्या देखरेख करणाऱ्याच्या हातून ते जाते तो आपले नाव जोडतो. हदीसच्या विद्वानांनी सनद कशी जपली, कोणी कोणाकडून ऐकले हे कसे नोंदले, ते घरात ऐकलेल्या मुलाला ही नावांची साखळी लगेच समजेल.

साधनही महाग नाही. केयुनिट कर्नेललाच एखाद्या साध्या आज्ञावलीसारखे चालवते, त्यामुळे वेगळे यंत्र लागत नाही. पहिली बांधणी वेळ खाते, नंतर चाचण्या झटपट होतात. आधीपासून असलेली एक चाचणी चालवून पाहा. शेजारी वही ठेवा. तीत तारीख, कर्नेलची आवृत्ती, दिलेली आज्ञा आणि आलेला संदेश जसाच्या तसा उतरवा. मग मार्गदर्शिकेतले कोणते वाक्य वाचून आपण ती आज्ञा दिली तेही लिहा. उत्तर सापडल्यावर ते खोडू नका, त्याच्याखाली लिहा. दुरुस्ती त्या दोन नोंदींमधूनच निघते.

काही विचारायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी भेटावे.