लॅपटॉप कधी झोपेल, हे कोणी ठरवायचं?

कात्रजला भारती विद्यापीठाच्या आसपास खोली घेऊन राहणाऱ्या मुलामुलींची वही, वर्ग, ग्रंथालय सगळं लॅपटॉपमध्येच असतं. प्रोजेक्टची मोठी फाईल उतरत असते, मुलगी झाकण मिटून मेसला जाते आणि परत येऊन बघते तर काम जिथल्या तिथे थांबलेलं. यंत्राने बॅटरी वाचवली, पण तिला विचारलं नाही.

डिसेंबर 1996मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे वीजबचतीचं मानक आणलं. तोवर असे निर्णय बहुतांशी बायोस, म्हणजे यंत्रातलं मूळ सॉफ्टवेअर, घेई, पुढे ते ऑपरेटिंग सिस्टिमकडे आले. म्हणजे तुमच्या-आमच्या सेटिंग्जपर्यंत पोचले. मला हे फार मोलाचं वाटतं.

विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा. झाकण मिटल्यावर काय व्हावं ते तिथे ठरवता येतं, चार्जर लावलेला असताना वेगळं आणि बॅटरीवर वेगळं. मात्र झाकण मिटूनही चालू ठेवलेला लॅपटॉप सॅकमध्ये कोंबू नका, तो तापतो.

स्लीपमध्ये, म्हणजे यंत्र झोपलेलं असताना, मेमरीला थोडी वीज लागतच राहते. बॅटरी पूर्ण उतरली, तर सेव्ह न केलेलं काम जाऊ शकतं. हायबरनेट सगळं डिस्कवर लिहून यंत्र बंद करतं. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणार असेल, तर हायबरनेटच बरं.

पडदा आपोआप मंद होतो, ते मात्र तसंच राहू द्या. बॅटरीचा मोठा वाटा पडदाच खातो.